माझं होतंय

आमची आक्का बसायची नाही. घरात कुणी बसलेलं असलं की ती उभी. जेवायचीसुद्धा उभ्यानं, मोरीच्या कठड्याशी, ताटली हातात धरून आणि आमच्याकडं पाठ करून. मी म्हणायचे, "अहो आक्का, बसा की आमच्यात. दोन घास बसून खाल्ले तर काय जमीन खचणार आहे?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर, "तुमी जेवा. माझं होतंय." काय होतंय, कुठं होतंय आणि कधी होतंय, हे मला कधीच कळलं नाही. चहा घ्या म्हटलं, माझं होतंय. लग्नाला चला म्हटलं, तुमी जावा, माझं होतंय. अंगात ताप आहे, पडा जरा म्हटलं, तरी माझं होतंय. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं.

आक्का म्हणजे माझी नणंद, सुलोचना. माझ्या नवऱ्याहून, उत्तमहून, नऊ वर्षांनी मोठी. तोंडावर मी तिला अहो-जाहो करते, पण मनातल्या मनात भांडायला एकेरीच बरं पडतं. इतकी वर्षं मनात तिच्याशी भांडल्यामुळं ती सवयच लागली आहे, म्हणून इथंही तिला 'ती'च म्हणते. आम्ही पूर्णेला राहतो. उत्तम रेल्वेत आहे, सासरेही रेल्वेतूनच रिटायर झालेले, त्यांना सगळे बाबा म्हणतात. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या. मी घरी ब्लाऊज शिवते आणि दिवसभर बायांशी बोलते. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं उत्तम म्हणतो, आणि ते खरं आहे.

आक्काला पेडगावला दिली होती. तिचा नवरा आजारी पडला, त्याच्या तपासणीत एचआयव्ही निघाला, मग हिची तपासणी केली तर हिलाही. तो गेला, ही राहिली. आजार कुठून आला हे आमच्या घरात कुणी विचारलं नाही. ही माहेरी आली तेव्हा मला वाटलं, सासरच्यांनी हाकललं असणार. मी तर भांडायला कंबर कसून बसले होते. पण नाही. दीर चांगला, जाऊ चांगली. दीर तीनदा न्यायला आला. तिसऱ्यांदा आमच्या ओसरीवर बसून तो डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "वहिनी, आमचं काय चुकलं ते तरी सांगा." ही दाराआडून म्हणाली, "तुमचं कायबी चुकलं न्हाई, भाऊजी. तुमी जावा घरी." ज्यांनी तिला ठेवून घेतलं असतं त्यांच्याकडून ती आपल्या पायानं निघून आली होती. आता अशा माणसाची बाजू घेऊन भांडायचं तरी कुणाशी?

ती आली त्याच आठवड्यात मागच्या दाराबाहेर भिंतीतल्या कोनाड्यात मला एक निळ्या काठाचा कप दिसला. सकाळी मी चहा गाळला की ती तो कप घेऊन दारात उभी राहायची आणि म्हणायची, "वरून वत. कपाला पातेलं लागू दिऊ नको." मी आपली वरून ओतत राहिले. चौथ्या दिवशी बाबा मागच्या दारी दाढी करत होते. त्यांनी ते बघितलं आणि वस्तरा खाली ठेवला.

"माझा बाप गावच्या हाटेलात असाच भिंतीतला कप घ्यायचा," बाबा म्हणाले. "हाटेलवाला वरून चहा वतायचा. पिऊन झाला की बाप आपल्या हातानं इसळून परत तिथंच ठिवायचा. मी सोळा वर्साचा होतो, तवा तो कप फोडला अन् मार खाल्ला. अन् आज माझ्याच घरात माझी लेक भिंतीत कप ठिवायलीय?"

आक्का शांतपणे म्हणाली, "बाबा, तो लोकांनी ठिवला होता. हा माझा मी ठिवलाय."

बाबांनी तो कप घेतला आणि धुण्याच्या दगडावर आपटला. काचा मीच गोळा केल्या. दुसऱ्या दिवशी कोनाड्यात स्टीलचा गिलास आला. स्टील फुटत नाही हे बघूनच तिनं तो निवडला असणार. त्या दिवसापासून बाबांनी मागच्या दारी दाढी करणं सोडलं. आमच्या समाजातल्या घरात वेगळा कप म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. म्हणून तर मला जास्त संताप यायचा.

दर महिन्याला मी तिला पॅसेंजरनं परभणीला न्यायचे. सरकारी दवाखान्यात एआरटी सेंटर आहे, तिथं एचआयव्हीच्या गोळ्या फुकट मिळतात. तिथल्या डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. ताट, वाटी, कप, कपडे, शिवाशिव, एका अंथरुणावर बसणं, यातल्या कशानंही हा आजार दुसऱ्याला होत नाही. रोज गोळी घेतली तर माणूस इतरांसारखं म्हातारं होईपर्यंत जगतं. हिच्या रक्ताचा रिपोर्ट तर इतका चांगला यायचा की विषाणू मशीनला सापडायचा नाही. मी हे सगळं तिला घरी येऊन परत परत सांगायचे. पालथ्या घड्यावर पाणी. आणि गंमत अशी, की हे सगळं तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ होतं.

एकदा सेंटरच्या बाकावर एक विशीतली मुलगी रडत बसली होती. तिला त्याच आठवड्यात कळलं होतं. सोबत कुणी नाही. मी पाण्याची बाटली भरून आले तर बघते काय, आमची आक्का तिच्या शेजारी बसलेली. चक्क बसलेली. आमचा डबा उघडलेला, आणि दोघी एकाच डब्यातून भाकरी आणि पिठलं खातायत. आक्का तिला सांगत होती, "ताटाला ताट लागून हे व्हत न्हाई, लेकरा. घरी गेलं की समद्यात बसून जेवायचं. कुणी येगळं बस म्हणलं तर आजिबात ऐकायचं न्हाई."

परतीच्या गाडीत मी तिला धारेवर धरलं. "तिथं चालतं आणि घरी चालत नाही, हे काय आहे?"

"तिथं समदेच सारखे हायेत. अन् तिला आजून लय जगायचंय."

"आणि तुम्हाला?"

ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "पिंगळी आलं बग."

आता सांगा, यावर माणसानं काय करावं. मी तोंड फिरवून बसले ते पूर्णा येईपर्यंत बोलले नाही, आणि मी न बोलणं ही माझ्या घरात मोठी शिक्षा मानतात. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

सेंटरमध्ये गोळ्या घ्यायच्या आधी समुपदेशक मॅडम प्रत्येकाला आत बोलवून चार गोष्टी विचारायच्या. झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन रमतं का, घरची कामं होतात का. आक्का पदराचं टोक चाळवत गप्प बसायची. ती गप्प बसली की मला राहवायचं नाही, गाडीची वेळही व्हायची. मग मीच सांगायचे. "कामाचं तर विचारूच नका मॅडम. दहा बायांचं काम एकटी उरकते. पहाटे चारला उठते, झाडलोट, पाणी, धुणं, भांडी, भाकरी. मला चिंधीसुद्धा उचलू देत नाही." मॅडम आक्काकडं बघायच्या. आक्का मान हलवायची. मॅडम लिहून घ्यायच्या आणि आम्ही स्टेशनकडं पळायचो.

खोटं मी काहीच सांगत नव्हते. ती खरंच इतकं काम करायची. काम संपलं तर घासलेली भांडी परत घासायची, नाहीतर सगळे डबे उतरवून पुसायची. कामात असलं की कुणाजवळ बसावं लागत नाही आणि कुणाशी बोलावं लागत नाही, हे मला कुठं ठाऊक होतं? आमच्याकडं खाटेवर पडलं तर माणूस आजारी, आणि हातपाय चालत असले तर ठणठणीत. मीही तेच मानत होते. रिपोर्ट चांगला, काम चांगलं, मग ही बया तोंड पाडून का फिरते, म्हणून मी चिडायचे. नखरे आहेत, असंही एकदा उत्तमला म्हणाले होते.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर मला दिवस राहिले आणि मुलगी झाली. घर आनंदानं भरलं. आक्कानं माझं बाळंतपण असं केलं, की सख्ख्या आईनं केलं नसतं. शेकशेगडी, डिंकाचे लाडू, दुपटी उकळून वाळवणं, सगळं. पण बाळाला हात लावायची नाही. आंघोळ घालायला शेजारची बाई यायची आणि ही लांबून गरम पाण्याची बादली सरकवायची. बाळ रडायला लागलं की ही अंगणात निघून जायची. मी म्हणायचे, घ्या ना जरा, मला नीट जेवू तरी द्या. तर उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

बारशाचा दिवस ठरला. आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. बुद्धवंदना झाली, पाहुणे बसले, तरी आत्यानं कानात कुर्र केल्याशिवाय नाव पक्कं होत नाही, आणि या पोरीला आत्या एकच. चार दिवस आधी आक्का म्हणाली, "नाव दुसऱ्या कुणाला ठिवू दे."

"का म्हणून?"

"माझं तोंड तिच्या कानापाशी नको."

"कानातून एचआयव्ही जात नाही, आक्का."

"मालूम हाय मला."

"मग?"

"मालूम असून काय करू?" ती म्हणाली आणि दुपटी वाळत घालायला गेली.

माझं टाळकं सटकलं. मी अंगणात जाऊन सगळ्यांदेखत शपथ घालून सांगितलं, "तुम्ही नाव ठेवणार नसाल तर पोरीला नावच ठेवायचं नाही. तुम्ही ठेवाल तेव्हा ठेवाल. तोवर राहू दे बिननावाची." बारसं मोडलं. उत्तमनं समजावलं, "अगं, असं माणसाला पेचात धरू नये." त्याला मी गप्प केलं. मला वाटलं, चार दिवसांत वितळेल. लेकरापुढं कुणाचा हट्ट टिकतो? नातेवाइकांचे फोन यायचे, नाव काय ठेवलं म्हणून. मी मुद्दाम मोठ्यानं सांगायचे, "आत्याला विचारा. आत्यानं अजून ठेवलं नाही." मागच्या दारी भांड्यांचा आवाज तेवढा वाढायचा. आपण फार प्रेमाचं काहीतरी करतोय, असं मला वाटत होतं. आज त्याची लाज वाटते.

असे चार-पाच महिने गेले. पोरीला आम्ही ठमी म्हणायचो. मग आक्काच्या रक्ताची वर्षाची तपासणी झाली आणि रिपोर्ट आला तो वाईट. विषाणू वाढला होता. मॅडमनी विचारलं, "गोळ्या रोज घेता ना?"

मी लगेच म्हणाले, "रोज म्हणजे रोज. जेवण झालं की माझ्या डोळ्यांसमोर घेते. उरलेल्या गोळ्या तुम्हीच मोजता की दर वेळी, एक तरी जास्त निघाली का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी? मी त्यांची भावजय आहे."

"म्हणूनच म्हणते. बसा बाहेर."

मी बाहेर बसले. आतून काही ऐकू येईना. अर्धा तास झाला, तास झाला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. हिला गाडीत बसवून आणायचं मी, डबा बांधायचा मी, ठमीला शेजारणीकडं टाकून यायचं मी, आणि बाहेर बसायचंही मीच. पॅसेंजर निघून गेली. जाता-येता दोन बायांनी मला विचारलं, "तुमाला बी आताच कळलं का?" मी त्यांच्यावरही खेकसले.

दीड तासानं मॅडमनी मला आत घेतलं. आक्काचे डोळे सुजले होते. मॅडम म्हणाल्या, "त्यांनी परवानगी दिलीय तेवढंच सांगते. गेले तीन महिने त्या गोळी गिळत नाहीत. तुमच्यासमोर तोंडात टाकतात आणि मोरीत थुंकतात."

मी तोंड उघडलं. ती नेमकी त्याच वेळी बोलली.

"वैशाली, मला इचारलं की तू बोलू नको."

मग ती एकदम सरळ, भाजीत मीठ किती टाकलं हे सांगावं तशी, म्हणाली, "मला वाटलं, मी गेले तर पोरीला नाव तरी भेटंल."

माझी शपथ मी तिच्या गळ्यात टाकली होती आणि तिनं त्यातून असा मार्ग काढला होता. ती रोज माझ्यासमोर तोंडात गोळी टाकायची, आणि मी रोज मनात म्हणायचे, चला, एवढं तरी ऐकते. मला मोठ्यानं रडायला आलं. आक्कानं मॅडमकडं बघितलं आणि म्हणाली, "हिला पाणी द्या."

त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात. मॅडमनी स्वतः तिला तिथं नेलं. ते म्हणाले, हा उदासपणाचा आजार आहे, एचआयव्हीबरोबर जगणाऱ्या पुष्कळ माणसांना होतो, आणि तो बरा होतो. आणखी एक गोळी सुरू झाली. मी आठव्या दिवशी फोन करून विचारलं, काहीच फरक नाही, असं कसं? डॉक्टर म्हणाले, ही तापाची गोळी नाही, ताई, महिनाभर जाऊ द्या. आक्काला पथ्य काही नव्हतं. पथ्य मला होतं. ओढायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, 'एवढं सगळं असून तुम्हाला कमी काय आहे' हे वाक्य तर उच्चारायचंच नाही. विचारायचं, आणि ती सांगेपर्यंत गप्प बसायचं. उत्तम म्हणाला, तुझ्यापेक्षा आक्का लवकर बरी होईल.

शपथ मी त्याच संध्याकाळी मागं घेतली. ती म्हणाली, "बरं." एवढंच. त्यानंतर ती दर पंधरा दिवसांनी मॅडमना भेटायला जायची, आणि मी बाहेर बसायचे. आत काय बोलायची, ते तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही. मी विचारलं नाही असं नाही, खूपदा विचारलं. एके दिवशी सकाळी उठून बघते तर अंगण झाडलेलं नाही आणि आक्का झोपलेली. सहा वाजून गेलेले. मी घाबरून मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, "झोपू द्या की. चांगलं आहे." पुढं भाजीत मीठ जास्त व्हायला लागलं, कपडे दुसऱ्या दिवसावर राहायला लागले. तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट परत पहिल्यासारखा आला. पण ठमीला ती अजून घेत नव्हती, आणि मी दात आवळून गप्प होते.

पोरगी दहा महिन्यांची झाली. दाखल्यावर नाव टाकून घ्या म्हणून नगरपरिषदेतून दोनदा सांगून झालं होतं. मी आणि उत्तमनं मिळून नाव निवडलं, स्वरा. आक्काला परत त्या विषयात ओढायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. मी दाखला घेऊन आले, तो मशीनवर ठेवला आणि कामाला बसले. दोन बाया माप द्यायला आल्या होत्या. त्यातल्या एकीनं दाखला बघून विचारलं, "ठमीचं नाव स्वरा ठेवलं का? छान आहे."

मागच्या दारी भांड्यांचा आवाज थांबला. आक्का साबणानं भरलेल्या हातांनी पुढच्या खोलीत आली. पुढच्या खोलीत, बायांसमोर, ती कधी यायची नाही.

"कुणाला इचारून नाव टाकलंस?"

मी म्हणाले, "अहो, तुम्हीच नको म्हणालात."

"नको म्हणलं तवा म्हणलं. एकदा न्हाई म्हणलं की जल्मभर न्हाई असतंय का? परत इचारायला तुझी जीभ झिजली असती? एरवी तर दिवसभर चालूच असती."

"अहो, पण..."

"आत्या मेलीय का या घरातली? यशोधरा ठिवायचं होतं मला. ती जल्मली त्या दिसापासनं माझ्या मनात हाय. स्वरा म्हनं. हे काय नाव झालं? अन् बग, बग, पोरीच्या तोंडात रीळ हाय. हिचं हिकडं लक्ष न्हाई अन् चालली नाव ठिवायला."

ठमी खाली बसून खरंच दोऱ्याचं रीळ चघळत होती. आक्कानं वाकून तिच्या तोंडात बोट घालून ते रीळ काढलं, तिला उचलून कमरेवर घेतलं, आणि पुढची पाच मिनिटं मला बोलत राहिली. माझं शिवणं, माझी बडबड, तिच्या भावाला मी बिघडवणं, लाडू हिनं केले आणि मी पाहुण्यांना मी केले म्हणून सांगितलं, सगळं निघालं. पोरीच्या झबल्याला साबणाचा फेस लागला होता. पोरगी आत्याच्या नाकातल्या चमकीशी खेळत होती. बाया माझ्याकडं बघत होत्या, आता ही काय उत्तर देते म्हणून. मला हसू आणि रडू एकदमच येत होतं. नणंदेनं आपल्याशी भांडावं म्हणून देवाला नाही, दवाखान्याला साकडं घालणारी मी एकटीच भावजय असेन. त्या दिवशी शिवलेल्या ब्लाऊजची एक बाही उलटी लागली.

दाखल्यावर स्वरा राहिलं, घरात यशोधरा. दोन्ही नावांवरून आमचं अजून वाजतं.

त्यानंतर दीड वर्ष ती आमच्याकडं होती. मग पेडगावची जाऊ पडली, पाय मोडला. दीर परत आला, या वेळी न्यायला नाही, नुसतं सांगायला. आक्कानं पिशवी भरली. मी म्हणाले, "आता कुठं या घरात नीट राहायला लागलात, तर निघालात?" ती म्हणाली, "तवा पळून आले होते. आता जायलेय." मला या उत्तराचाही राग आला. यशोधरा तर तिच्या पदराला धरून गाडी सुटेपर्यंत रडली, आणि तिला स्टेशनवरून उचलून आणताना तिनं माझ्या हाताला चावा घेतला. परभणीला औषधाला मी येत जाते, तिथं भेटू, असं मी म्हणाले होते. त्यावर आक्का म्हणाली, "नको. मी एकटी जाईन." आणि ती एकटी जाते. रिपोर्ट काय आला ते मला तिनं सांगितलं तरच कळतं.

गेल्या महिन्यात दुपारी मी तिला फोन केला. गॅसवर वांग्याची भाजी टाकली होती.

"काय करताय, आक्का?"

"काई न्हाई. पडलेय."

"अंग दुखतंय का?"

"अंग बरं हाय. मन बरं न्हाई. सकाळपासनं उठू वाटंना. चूल पेटवली न्हाई. जाऊबाईनं भाकर आणून दिली, ती बी तशीच हाय. मॅडमला फोन केलाय मी, उद्या ये म्हणल्यात."

माझ्या जिभेवर पाच गोष्टी एकदम आल्या. गोळी घेतली का, भाकरी खा आधी, उठून तोंड धुवा, उत्तमला पाठवते, उगी मनाला लावून घेऊ नका. पाचही गिळल्या. फार जड गेलं. मी विचारलं, "काय झालं?" आणि गप्प बसले. पलीकडून आवाज येईना.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हायेस का?"

"आहे."

मग ती बोलायला लागली. नवऱ्याबद्दल बोलली, पहिल्यांदाच. तो गेला त्या वर्षाबद्दल, आणि त्याच्या आधीच्या दिवसांबद्दलही. मधेच रडली, मधेच त्याच्या एका खोडीवर हसली. मी हूं एवढंच म्हणत होते. भाजी करपल्याचा वास सगळ्या घरात भरला. शेजारीण दारातून डोकावून म्हणाली, काय जळतंय गं, तिला मी हातानंच जा म्हटलं. कढई घासून निघणार नाही हे मला कळत होतं. ती पाऊण तास बोलली, आणि मी जागची उठले नाही.